हौदावरचा गारवा

गेल्या महिन्यात खोक्यांच्या कारखान्याच्या मालकांचा नातू घरी आला होता. कारखान्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली, म्हणून स्मरणिका काढायची आहे म्हणाला. जुन्या माणसांपैकी हातात पेन धरू शकेल असा मीच उरलो आहे.

"आजोबा, तुम्ही दुष्काळातलं लिहा. तुम्ही कामगारांना रोज गूळ वाटायचात, पाण्याची शिस्त लावली होतीत, आणि तो एक माणूस उन्हानं गेला तेव्हा शेवटपर्यंत त्याच्या अंगावर ओल्या घड्या ठेवत बसला होतात. आमचे आजोबा नेहमी सांगायचे. एक पान पुरे."

मी त्याला म्हणालो, "ते तसं नव्हतं."

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता," तो म्हणाला.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की समोरच्यानं तोंड उघडलं की ते येणार हे मला आधीच कळतं. मुलगा हेच म्हणतो. सून चहा ठेवता ठेवता हेच म्हणते. ब्लडप्रेशर तपासणारा डॉक्टरही हेच म्हणतो आणि वर एक गोळी वाढवून देतो. कुणी पुरतं ऐकून घेऊन मग म्हणालं असतं तर एक वेळ चाललं असतं. म्हाताऱ्याला काहीतरी खुपतंय एवढं त्यांना कळतं, आणि तेवढ्यावरच ते थांबतात. म्हणून मी ते एक पान लिहिलं नाही. हे लिहितो आहे.

कारखाना म्हणायचा, पण ती होती पत्र्याची एक लांब शेड, पुणतांब्याच्या स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. एका टोकाला आरा होता. तिथं आंब्याचे ओंडके चिरून पातळ फळ्या पाडायच्या. दुसऱ्या टोकाला बायामाणसं बसून त्या फळ्यांना खिळे ठोकायची, खोकी जोडायची. ही खोकी द्राक्षांसाठी नाशिककडे जायची. मध्यावर, आऱ्याच्या आणि जोडकामाच्या मधे, सिमेंटचा एक हौद होता.

आंब्याचं ओलं लाकूड चिरून ठेवलं की थोड्याच दिवसांत त्यावर काळी-निळी बुरशी चढते, मग कीड लागते आणि फळीतून पीठ गळायला लागतं. काळ्या पडलेल्या खोक्यात द्राक्षं भरायला बागाईतदार तयार नसत. गाडीभर माल परत आला तसे मालक मुंबईहून एक भुकटी घेऊन आले. हौदातल्या पाण्यात ती कालवायची, प्रत्येक फळी त्यात बुडवून काढायची आणि सावलीत थप्पी लावून वाळवायची. बुरशी खरंच थांबली. त्या भुकटीला आम्ही औषध म्हणायचो. शेतात फवारतात त्यालाही आमच्याकडे औषधच म्हणतात. पिंपाचं झाकण उघडलं की शिंका यायच्या आणि डोळे चुरचुरायचे. हौदावर काम करणाऱ्यांच्या हातांवर पुरळ उठायचं, आणि ते खोबरेल लावून कामाला यायचे. कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. तक्रार करायची असते हे तरी कुणाला ठाऊक होतं?

मी तिथला मुकादम. मॅट्रिक झालेला, पंचविशीतला, मालकांच्या मर्जीतला.

बहात्तरला पाऊस झालाच नाही. त्र्याहत्तरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. गोदावरीच्या पात्रात बाया झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. लोक बांधावरचे आंबे जळणाच्या भावानं तोडून देत होते, त्यामुळे ओंडके कधी नव्हे एवढे येऊन पडले. ऊस जळून गेला होता, तेव्हा दर वर्षी कोयता घेऊन उसाच्या फडात जाणारी पाथर्डीकडची जोडपी जे मिळेल ते काम शोधत फिरत होती. त्यातली काही आमच्याकडे आली. काम भरपूर होतं, माणसं भरपूर होती. पाणी नव्हतं.

त्या जोडप्यांतला एक जण दाराशीच अडला, कारण शेडचं दार त्याला बुटकं पडत होतं. खांदे रुंद, कान मोडलेले. सगळे त्याला पैलवान म्हणायचे. जत्रेतली शेवटची कुस्ती तो हरला होता, आणि तिची गोष्ट स्वतःच सांगायचा.

"मी हारलो न्हाई, मुकादम. समोरच्याला लई घाई हुती. त्याला जिकून येष्टी धरायची हुती. म्हनलं जाऊंदे बिचारा, मुक्काम पडंल त्याला."

त्याची बायको त्याच्यापेक्षा वयानं बरीच लहान, कमी बोलणारी, पोराला गावाकडं ठेवून आलेली. मी तिला वहिनी म्हणायचो.

आमच्याकडे बैलगाडीवर लोखंडी टाकी घालून पाणी यायचं, तेही यायचं तेव्हा. ते शेडमधल्या टाकीत ओतलं की नळाला मी कुलूप लावायचो. किल्ली माझ्या करदोट्याला असायची. पाणी फक्त प्यायला, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या तांब्यानं. हात धुवायला पाणी नाही. हात भुशात चोळायचे आणि झटकायचे. हौद पूर्वी दर आठवड्याला उपसून, घासून नव्यानं भरत असू. ते मी बंद केलं. जे पाणी आटलं असेल तेवढीच भर घालायची आणि वर औषधाची भुकटी टाकायची. किती टाकायची? रंग बघून. आरा चालवणारे चाचा म्हणायचे, "मुकादम, दाल पतली हो गई क्या देखो." आणि आम्ही हसून आणखी टाकायचो. पाणी वाचवायच्या या युक्तीवर मालक इतके खूश झाले की चार लोकांसमोर त्यांनी माझी पाठ थोपटली. त्या वेळी मला ते बरं वाटलं होतं. आता आठवलं की पाठ घासून काढावीशी वाटते.

पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नसे. खिळ्याला हात लावला तर चटका बसायचा. साऱ्या शेडमध्ये एकच जागा गार होती, ती हौदाजवळची. बुडवलेल्या फळ्या तिथं निथळत असायच्या, खालची जमीन ओली असायची, वाऱ्याची झुळूक आली तर तिथं ती गार लागायची. हौदावरच्या कामासाठी माणसं माझ्या मागे लागायची. मुकादम, मला आज हौदावर घाला. मी ती जागा पैलवानाला दिली. त्याचे हात लांब होते, तळापर्यंत फळी दाबून धरायचा, हे एक कारण. खरं कारण असं की मला तो आवडायचा आणि मला त्याच्यावर मेहेरबानी करायची होती. फळ्या तो बुडवायचा आणि वहिनी त्या त्याच्या हातून घेऊन थप्पीला लावायची.

तो पंचा हौदात बुडवायचा, पिळायचा आणि डोक्याला गुंडाळायचा. वाळला की पुन्हा बुडवायचा. मी पाहत होतो. पाहून गप्प बसलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. एके दुपारी एक बाई प्यायच्या पाण्याचा हबका तोंडावर मारताना दिसली, तर मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "प्यायचं पाणी अंगावर ओतायचं नाही! पैलवानाकडं बघा. हौदात पंचा बुडवतो, प्यायच्या पाण्याला हात लावत नाही. तसं करा!"

आणि त्यांनी तसं केलं.

दुपारी मी गूळ वाटायचो. लाकडाच्या कामात गूळ देतात. भुसा घशात बसतो तो गुळानं खाली उतरतो, असं सगळीकडे मानतात, आम्हीही मानत होतो. माणसं भुशात हात चोळून यायची, खडा घ्यायची, तोंडात टाकायची आणि बोटं चाटायची. हौदावरच्यांना मी खडा मोठा द्यायचो. हाच तो गूळ, ज्याचं स्मरणिकेला कौतुक करायचं आहे.

होळी होऊन गेली आणि पैलवानाला घाम यायला लागला. घाम सगळ्यांनाच येत होता, पण ह्याच्या अंगातून तो वाहायचा. सदरा पिळला तर धार लागेल असा. तहान भागायची नाही. अंगावरचं मांस झडायला लागलं, खांद्याची हाडं वर आली. आणि ही माणसं, एरवी एकमेकांसाठी जीव टाकणारी, पाण्याच्या नावानं टोमणे मारू लागली.

"पैलवान, तुला सरकारनं येगळा टँकर लावला पायजे."

"आरं ह्याला पिळला तर हिर भरंल पुन्हा, एवढं प्यालाय!"

तो हसायचा. टोमणा परतवायचा. पण दर वेळी तांब्या पुढं करताना तो माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि मी कपाळाला आठी घालायचो. तेव्हा मला वाटायचं, मुकादमानं असंच वागायला हवं.

वहिनी एकदा थप्पीमागे मला गाठून म्हणाली, "मुकादम, ह्यांना हौदावरनं काढा. दुसरं कायबी काम द्या."

"का हो वहिनी? सगळ्यात गार जागा दिलीये त्याला. आऱ्यावर टाकलं तर उन्हानं तडफडेल."

"गार जागंत बसल्याल्या मानसाला येवढा घाम का येतोय मंग? रातच्याला आंग नुसतं फणफणतं. श्वास लागतो."

उत्तर नसलं की मुकादम जे करतो ते मी केलं. म्हणालो, हिवताप असेल, डॉक्टरकडं नेतो. नेलंही. डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळ्याखालची पापणी ओढून बघितली, आणि हिवतापाच्या कडू गोळ्या दिल्या. हा माणूस काय काम करतो, कशात हात घालतो, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. इतकी वर्षं मी त्या डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या दिल्या आहेत. त्यांनी नुसतं एवढं एक विचारलं असतं तर! पण मी शेजारीच उभा होतो, मला कुणी तोंड बांधलं नव्हतं.

चाचा मात्र मला म्हणाले होते, "दोन दिन उसको झाड के नीचे सुलाव ना." मी म्हणालो, "चाचा, गाडी भरायची आहे." गाडी रोजच भरायची असायची.

त्यानंतर ती पाण्याची गोष्ट घडली.

त्या दुपारी नळ सोडला आणि थोडं पाणी येऊन धार बारीक झाली. टाकी संपली. रांगेत शेवटी खोकी जोडणारी एक बाळंतीण होती, तिला पाणी मिळालं नाही. ती रडायला लागली. माणसं चिडली. काल संध्याकाळी टाकी अर्धी होती, मुकादम, आम्ही बघितली, पाणी गेलं कुठं? सगळे माझ्याकडे बघत होते, कारण किल्ली माझ्याकडे होती. आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, पैलवान दोनदा रांगेत हुता.

मी वळलो आणि त्याला म्हणालो, "लाज नाही वाटत? पाणीचोर!"

असे शब्द आपण एरवी हजार वेळा उच्चारतो आणि विसरतो. दुष्काळात पाणीचोर म्हणजे काय हे ज्यानं तो दुष्काळ काढला त्यालाच कळेल. पैलवानानं हातातला तांब्या उलटा करून हौदाच्या काठावर ठेवला. मग सदऱ्याचं टोक धरून पुढं केलं. त्यातून थेंब थेंब गळत होतं.

"चोरलं आसंल तर बघा की, मुकादम," तो म्हणाला. "सगळं भाईर आलंय."

कुणी हसलं नाही. तोही नाही. वहिनी थप्पीजवळ फळी धरून उभी होती, तिनं ती फळी खाली ठेवली नाही आणि लावलीही नाही.

त्या दिवसापासून तो दुपारी पाण्याला रांगेत येईनासा झाला. वहिनी तिचं पाणी त्याला न्यायची, त्यातलं तो घोटभर घ्यायचा आणि बाकीचं परत करायचा. पंचा मात्र हौदात बुडवून डोक्याला बांधत राहिला. ते पाणी कुणाच्या वाट्याचं नव्हतं ना.

वैशाख लागला होता. एके दुपारी तो हौदाच्या काठाला टेकून बसला आणि मग आडवा झाला. हाताला त्याचं अंग लागलं तर मी हात मागे घेतला, इतकं तापलेलं. ऊन लागलं, ऊन लागलं, असा गलका झाला. चाचा सायकलवरून डॉक्टरकडे पळाले. पाण्याची गाडी आली नव्हती. माठात तांब्याभर पाणी होतं, ते मी त्याला प्यायला राखलं. आणि अंग निववायला? मला वाटलं मला सुचलं. मी त्याचा पंचा घेतला, हौदात बुडवला आणि त्याच्या कपाळावर ठेवला. गोणपाट बुडवून छातीवर घातलं, पोटावर घातलं. वाफ निघून कोरडं झालं की पुन्हा बुडवायचं. वहिनी खोक्याच्या झाकणानं वारा घालत होती. कुणाला हात लावू दिला नाही, माझं मीच करत होतो.

"गार वाटतंय का?" मी विचारत होतो.

"आत चूल पेटलीया, मुकादम," तो एकदा म्हणाला. मग त्याचं बोलणं समजेना.

डॉक्टर आले तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. मालकांनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. माणसं म्हणाली, मुकादमानं सख्ख्या भावासारखं केलं. वहिनीनं त्याच्या छातीवरचं गोणपाट काढून बाजूला टाकलं. त्या आठवड्यात पाथर्डीकडची सगळी जोडपी गाव सोडून गेली, आणि मी दुसऱ्या माणसाला हौदावर घातलं.

मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी. मी तो कारखाना सोडून दुसऱ्या गावी लाकडाच्या वखारीवर लागलो होतो. तिथं एक विक्रेता तसल्याच औषधाचं पिंप घेऊन आला. ओळखीचा वास, ओळखीच्या शिंका. तो चहा पिता पिता वखारवाल्याला सहज सांगत होता, हे कातडीतून अंगात जातं, हातमोज्याशिवाय वापरू देऊ नका, हात धुतल्याशिवाय कुणाला खाऊ देऊ नका. उन्हाळ्यात तर फार जपा. ह्यानं माणूस आतून तापतो, घामाघूम होतो, तहान तहान करतो, आणि बाहेरूनही ऊन असलं की आवरत नाही.

त्यानं बशी खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्ही पूर्वी वापरलंय का हे?" मी नाही म्हणालो.

मग मी मालकांकडे गेलो. ते तेव्हा हयात होते. म्हणाले, "अरे, त्या वेळी कुणाला ठाऊक होतं? आता उकरून काय मिळणार?" पिंपावर इंग्रजीत काहीबाही छापलेलं असायचं, ते आपण कुणी वाचलं नाही, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "तू मॅट्रिक होतास." तिथं बोलणं संपलं. चाचांकडे गेलो. त्यांच्या कोपरापासून खालची कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती, आणि खोकला असा की बोलणं पुरं होत नव्हतं. ते म्हणाले, "भूल जा, बेटा." मलाच सगळे समजावतात. मी माफी मागायला जातो आणि समजूत घेऊन परत येतो. या गोष्टीचा मला जेवढा संताप येतो तेवढा कशाचा येत नाही.

हौदावर आणखीही माणसं होती. थप्पी लावणाऱ्या बाया होत्या. माझं ऐकून पंचे बुडवणारे होते. ते कुठं गेले, त्यांच्या अंगात काय राहिलं, कुणाची छाती भरली, कोण असाच एखाद्या उन्हाळ्यात 'उन्हानं' गेला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. त्यांची साधी नावंही कुणी जपली नाहीत, आजारांची कोण जपणार?

वहिनीकडे मी कधी गेलो नाही. जायचं ठरवायचो आणि राहायचं. स्मरणिकेवाला मुलगा येऊन गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात मात्र मी घरी न सांगता एसटीत बसलो. पाथर्डीला उतरून पुढं जीप. चौकशी करत गेलो. कोयत्याचा हंगाम असल्यानं निम्मं गाव ओस होतं. तिच्या घरी ती आणि एक नात, दोघीच होत्या. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं.

"मुकादम ना?"

इतक्या वर्षांनी तिनं मला चालण्यावरून ओळखलं. नातीला म्हणाली, "पानी आन गं. मोटा तांब्या आन."

मी पाणी प्यायलो, कारखान्याबद्दल लिहायचं आहे म्हणालो आणि सांगायला सुरुवात केली. औषध काय होतं. ते अंगात कसं जातं. भुशात चोळलेले हात, गूळ. मी त्याला गार जागा म्हणून दिली ती कसली जागा होती. आणि शेवटच्या दुपारी मी कशात पंचा बुडवून त्याच्या छातीवर ठेवत होतो. मनात किती वेळा म्हणून ठेवलेलं ते सगळं एकदाचं बोललो, आणि ती काय बोलते याची वाट पाहत बसलो. रडेल, शिव्या देईल, घालवून देईल, सगळ्याची तयारी करून गेलो होतो.

ती शेंगा फोडतच होती.

"त्ये मला तवाच वाटलं हुतं," ती म्हणाली. "त्या हौदातच कायतरी हाय म्हनून तर काडा म्हनत हुते. तुमास्नी ठावं नव्हतं. मलाबी सांगता येत नव्हतं. त्या फळ्या मीबी उचलल्या की. ह्ये बघा हात." हातांवर पांढरे डाग होते. "आता ह्ये घिऊन मी काय करू, मुकादम? हितं ठिवून जाताय व्हय?"

मी रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला.

"आन् त्ये पानीचोर म्हनल्यालं? त्ये कुटं गेलं? त्याचं कायच बोलला न्हाई तुमी."

मी म्हणालो, "तो शब्द रागात गेला, वहिनी."

"तुमचा रागात गेला. आमच्या संगट गावापातुर आला." आता तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "आमच्या बरुबर आलेली मानसं गावात गेल्ती न्हवं? त्येंनी सांगितलं. त्यो उन्हानं मेला न्हाई, लोकाचं पानी प्याला म्हनून मेला. बाळंतनीची हाय लागली. पोराला शाळंत पानीचोराचा म्हनायचे. हिरीवर मला म्होरं घागर लावू देत नव्हते. सोयरीक जमवायला गेलो तर तितंबी निगालं. आन् तुमी हौदाचं सांगताय."

नात आमच्याकडे बघत होती.

"खरं सांगा," ती म्हणाली. "त्या दिशी पानी गेलं कुटं? ह्येंनी एक जादा तांब्या घेतला आसंल, घेतला आसंल. पन टाकी त्यानं आटती व्हय?"

आणि मला ते सांगावं लागलं. हे मी वखारीतल्या त्या चहानंतरही कुणाला सांगितलं नव्हतं. मालकांना नाही, चाचांना नाही. माझ्या मनातही मी ते वर येऊ देत नव्हतो. हौदाचं मला ठाऊक नव्हतं, म्हणून हौदाचं दुःख करणं सोपं पडलं. पण त्या दिवशी सकाळी, माणसं कामाला यायच्या आधी, मालकांची जीप आली होती. तिचं पाणी उकळत होतं. ड्रायव्हरनं बादली पुढं केली आणि मी करदोट्याची किल्ली काढून नळ सोडला. एक बादली जीपमध्ये ओतली. मग मालक म्हणाले, जरा काचा पुसून घे, धुळीनं दिसत नाही. मी आणखी दिल्या. दुपारी माणसांनी पाणी गेलं कुठं म्हणून माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला माहीत होतं कुठं गेलं. आणि मी वळून त्याच्याकडे बोट केलं.

वहिनी नातीकडे वळून म्हणाली, "ऐकलं का गं? तुज्या बापाला आल्यावर सांग. नीट सांग. गाडीत घातलं पानी, म्हनावं."

मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "तुमी लिवता म्हनला न्हवं? मंग ह्ये लिवा. त्येला तहान का लागत हुती त्ये लिवा. आन् गाडीचं लिवा."

परत आल्यावर मी मालकांच्या नातवाला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, एवढं त्याच्याबद्दल म्हणायला हवं. मग म्हणाला, "आजोबा, जीपचं कसं छापायचं? घरच्यांना आवडणार नाही. आपण गुळाचं ठेवू ना." मी म्हणालो, गुळाचंही ठेवू नकोस, माझं नावच काढून टाक. तो म्हणाला, बघतो. स्मरणिका छापायला गेली आहे. काय छापलंय मला माहीत नाही.

म्हणून हे इथं लिहून ठेवतो. पैलवान म्हणून ज्याला सगळे ओळखायचे तो माणूस त्या उन्हाळ्यात जास्त पाणी प्यायचा, कारण फळ्यांच्या औषधानं त्याचं अंग आतून जळत होतं, आणि त्या औषधावर त्याला मी बसवलं होतं. त्या दुपारी टाकी त्यानं संपवली नाही. त्यातलं पाणी मी मालकांच्या जीपमध्ये ओतलं होतं, आणि काचा पुसायला दिलं होतं. पुणतांब्याकडं किंवा पाथर्डीकडं त्याला पाणीचोर म्हटलेलं ज्यांनी ऐकलं असेल, त्यांनी आपल्या घरातल्यांना हे सांगावं.